आधी दार, मग कम्प्युटर

विसाव्या वर्षी निवृत्तीच्या हातात स्टिअरिंग आलं, आणि तेव्हापासून त्यानं दुसरं काही धरलंच नाही. आधी ट्रॅक्टर चालवला, मग दुसऱ्याची काळीपिवळी आणि आता काही वर्षं स्वतःची व्हॅन. धामणगाव बढेच्या फाट्यावरून आत वळलं की त्याचं गाव. तिथून रोज सकाळी ती व्हॅन पोराटोरांनी गच्च भरून तालुक्याच्या इंग्रजी शाळेला निघायची. ज्याचं लेकरू निवृत्तीच्या गाडीत, त्याचं बरं चाललंय, असा गावाचा हिशेब होता. निवृत्तीची काजलही त्याच गाडीत जायची, पुढच्या सीटवर, गपगार.

गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंत शाळा होती. चौथीपर्यंत वर्ग भरलेले, पण पाचवी लागली की पोरं गळायची, पोरी तर जास्तच. सहावी-सातवीत इतकी थोडी मुलं उरली की वरचे वर्ग बंद होणार, अशी बोलवा उठली. मार्चमध्ये मुख्याध्यापिका अनुपमा मॅडमनी पालकांना बोलावणं धाडलं.

निवृत्तीचं पाऊल उचलेना. शाळा सुधारली की आपली गाडी रिकामी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"जा बरं सभेले," त्याची बायको पुष्पांजली म्हणाली. "न्हाई गेले तर लोक म्हणतीन, धंद्यापायी घरात बसला."

"अन गेलो तर बोलू काय?"

"इचारलं तर खरं ते सांगजा. न्हाई इचारलं तर बसून राहा."

शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया. मॅडमनी सरळच सांगितलं, "छताचे पत्रे मंजूर झालेत. बाकीची दुरुस्ती गावानं मनावर घेतली, तर वरचे वर्ग टिकतील. मला एकटीला हे होणार नाही."

माणिकराव उठले. गावातले मोठे शेतकरी, शब्दाला वजन. "शाळा सरकारची. मंग आम्ही काऊन पैसे घालायचे त्यात? आज भिंत बांधू, उद्या मास्तर बदलून जाईन, परवा शाळाच बंद. मंग भिंतीले काय चाटायचं?"

"तुमचं बरं हाय, माणिकभाऊ," तानाबाई बोलली. ती भाजीपाला पिकवणारी, दोन नाती याच शाळेत. "तुमचे नातवंडं गाडीत बसून जातात. माह्या नातीइनं कुठी जावं?"

मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणे कमान बांधा, लांबून दिसली पाहिजे. सागर नावाचा तरुण बाप म्हणाला, कम्प्युटर आणल्याशिवाय आजकाल कोण पोरं पाठवतं? एकानं तर नव्या रंगाचं नावच सुचवलं. आवाज चढत गेले आणि काम जिथल्या तिथं राहिलं. शेवटी माणिकराव म्हणाले, "हा निवृत्ती बसला ना मांगं. त्याले इचारा, लोक पोरं बाहेर काऊन नेऊन राह्यले ते. सांग रे."

सगळ्या माना वळल्या. निवृत्ती उभा राहिला. 'इंग्रजीसाठी' एवढा एकच शब्द बोलला असता तर सुटला असता, गाडीही वाचली असती. पण बायांच्या बाजूला पुष्पांजली मान खाली घालून बसलेली त्याला दिसली.

"माह्या काजलले मी तिकडं टाकलं," तो म्हणाला, "तवा समद्याइले सांगतलं इंग्रजीसाठी. तसं नव्हतं ते. इथं पोरीइच्या संडासले दार न्हाई. पोट्टी दिवसभर पाणीच प्यायची न्हाई, जावं लागू नये म्हणून. आजारी पडली, बुलढाण्याले दवाखान्यात नेलं, तवा तिनं तिच्या मायले सांगतलं. म्हणून नेलं मी तिले."

तो खाली बसला. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी इथं आल्यापासून दाराची दोनदा मागणी केली आहे."

मग बायांमधून रुख्मिणी बोलली, माणिकरावांची सून. पदर सावरत, कुणाकडे न बघता. "आमच्या अर्पिताचंही तेच होतं."

माणिकराव तिच्याकडे वळले. "आपल्या अर्पिताचं? घरात कोणी बोललं न्हाई!"

"तुमाले कसं सांगावं, मामाजी?"

एकीचं बघून दुसरी बोलली, तिसरी बोलली. बाप्ये सतरंजीचे धागे उपटत बसले. तानाबाईनंच शेवटी कोंडी फोडली. "मंग आधी दार लावा ना, बाप्पा! कम्प्युटर मांगून आणजा."

बाया हसल्या, मग बाप्येही. हसण्यानं सगळ्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. माणिकरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "माह्या विहिरीचा पाइप शाळेच्या मांगूनच जाते. पाणी माह्याकडं. पण मॅडम, पाहुणे येतीन म्हणून संडासले कुलूप लावून ठेवान, तर त्याच दिवशी पाणी तोडीन."

"चावी मुलींकडेच राहील," मॅडम म्हणाल्या.

उन्हाळाभर काम चाललं. ज्याला जे जमलं ते त्यानं केलं. निवृत्तीनं व्हॅनमधल्या सीटा काढून त्यातून रेती आणली, फरशी आणली, दारंही आणली. आपल्याच हातानं आपली गाडी रिकामी करतोय, असं मनात यायचं. तरी रात्री झोप लागायची.

शाळा उघडायच्या आधी त्यानं काजलला विचारलं. गावात परत यायला ती लाजेल, रडेल, अशी त्याला धास्ती होती.

"इथंच जातो ना मी," ती म्हणाली. "तिकडं बाई काय शिकवते ते अर्धं समजतच न्हाई. तुमाले वाईट वाटीन म्हणून बोलली न्हाई."

निवृत्ती हसला आणि मग डोळे पुसायला अंगणात गेला.

सगळीच पोरं काही परतली नाहीत. सागरनं तर आपल्या मुलाला इंग्रजी शाळेतच ठेवलं. पण सहावीचा वर्ग भरला, आणि वर्ग बंद होण्याची बोलवा आपोआप विरली. व्हॅन अर्धी झाली. त्याच आठवड्यात तानाबाई दारात येऊन उभी राहिली. "टेम्पोवाला दोन दिस येते, चार दिस येत न्हाई. आमची भाजी बुलढाण्याले नेशीन काय?" मागे आणखी तिघी-चौघी होत्या.

आता निवृत्ती पहाटे मेथी-कोथिंबीर भरून घाट चढतो, मोठ्या वर्गाची पोरं सोडायला वेळेवर परत येतो. दुपारी घरी जेवतो. परवा जेवण झाल्यावर बाजेवर पडला होता. शाळेच्या पटांगणातून पोरींचा गलका येत होता, खो-खोचा डाव रंगला असावा. त्यात काजलचा आवाज सगळ्यांत वर होता. पोरीला एवढं ओरडता येतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

"ऐकून राह्यले काय?" पुष्पांजलीनं भांडी घासता घासता विचारलं.

"हाव," तो म्हणाला, आणि कूस बदलून डोळे मिटले.