एनुगूहून वाजणारा एक्वे

आमची राजधानी एनुगू शत्रूच्या हाती पडली तेव्हा ओफोडिले आपला एक्वे डोक्यावर घेऊन पळाला. बाकीच्यांनी रेडिओच्या कचेरीतून तबकड्या उचलल्या, टेपची रिळं उचलली, पेट्रोलचे डबे उचलले. ह्या शहाण्याने पोकळ ओंडक्याचं, दोन माणसांनी उचलायचं ते वाद्य उचललं. मागून गोळ्या येत होत्या. एक गोळी ओंडक्याची कड उडवून गेली तेव्हा त्याने वळून शिव्या हासडल्या, जणू शेजाऱ्याच्या पोराने दगड मारला होता. शेजारून पळणारा निवेदक ओनुओरा ओरडला, "टाक ते लाकूड, मरशील लेका!" ओफोडिले म्हणाला, "तू तुझी जीभ टाक आधी, मग मी हे टाकतो."

माणूस तसा साधा. उमुओगे गावचा सुतार, बाजारच्या दिवशी एक्वे वाजवणारा. त्याचा हात रेडिओवाल्यांनी एकदा ऐकला आणि त्याला शहरात नेला. तेव्हापासून रेडिओवर काहीही सुरू व्हायचं ते त्याच्या हातानेच. गावात बाजार भरला, वाटा मोकळ्या आहेत, या, असं सांगणारी जी हाक तो वाजवायचा, तीच त्याने रेडिओला दिली. शेवटी स्वतःची म्हणून एक छोटी गिरकी घ्यायचा. त्या गिरकीचा त्याला फार तोरा होता. बायको उजुन्वा म्हणायची, "जेवायला बसतोस तेव्हाही ताटावर तीच वाजवतोस. अंधारात शंभर माणसं वाजवू देत, माझं येडं कुठलं ते मी सांगीन."

आता रेडिओ एका ट्रकमध्ये होता आणि ट्रक ताडाच्या दाट बनात, झावळ्यांखाली झाकलेला. दर दोन दिवसांनी जागा बदलायची. पण एनुगू पडून आठवडा होऊन गेला तरी ओनुओरा माइकसमोर खाकरून रोज तेच म्हणायचा, "हे एनुगू." हुकूमच होता तसा. राजधानी गेली हे कळलं तर खंदकातल्या पोरांचे हातपाय गळतील, असं वरच्यांचं म्हणणं. खोटं म्हणावं तर खोटं, पण त्या खोट्यावर कितीतरी माणसं त्या दिवसांत उभी होती. आमच्यापैकी कोणी त्याला खोटं म्हणत नव्हतं, हेही खरं.

त्या दिवशी सकाळी नेहमीसारखं झालं. ओफोडिलेने हाक वाजवली, गिरकी घेतली. ओनुओराने एनुगूचं नाव घेतलं. मग युद्धगीतं लागली. दहाच्या सुमारास नाचाच्या तबकड्या लावल्या, गिटार आणि तुताऱ्यांच्या. पलीकडच्या टेकडीवर तोफा चालू होत्या, त्यांचा धक्का बसला की सुई उडायची आणि गाणं एका ओळीवर अडकायचं. दुपारच्या समूहगानासाठी आलेल्या बायका, सगळ्या शाळामास्तरणी, झाडाखाली बसून गरी, म्हणजे कसाव्याचा रवा, भिजवून खात होत्या.

तेवढ्यात आकाशात विमानाची घरघर झाली आणि रस्त्यावरून जाणारी एक लॉरी लपायला सरळ बनात घुसली. लॉरीत जखमी भरले होते, एकावर एक. फळीच्या फटींतून रक्त गळत होतं. विमान दूर गेलं तेव्हा कोणीतरी आतून क्षीण आवाजात हाक मारली, "दाजी? अहो दाजी!"

तो ओकेझी होता, उजुन्वाचा धाकटा भाऊ. एक मांडी उडाली होती. वर चिंधी करकचून बांधली होती, पण तिचा आता उपयोग उरला नव्हता.

"तुम्ही इथे?" तो डोळे मोठे करून बघत राहिला. "मग ते एनुगूचं वाजतं ते इथून होय?"

"बोलू नकोस. पाणी पी."

"पाणी घाला चुलीत! दाजी, ताई एनुगूला निघालीय."

ओफोडिलेच्या हातातला पाण्याचा डबा तसाच राहिला. "कोण निघालीय?"

"उजुन्वाताई. पोरीला पाठीवर बांधून. आज सकाळी, मी धड होतो तेव्हा, आमची लॉरी अमागूत थांबली, तर ही आमच्या थोरल्या ओबियागेलीताईच्या दारात उभी. टोपलीभर ओक्पा उकडून आणलाय तुम्हाला खायला. मी म्हटलं, अगं बये, एनुगू गेलं, तिथे आता ते आहेत, दिसेल त्याला मारतायत. तर हसली मला. म्हणाली, तू पळालास म्हणून शहर पडलं होय रे? रोज माझ्या माणसाचा हात ऐकतेय मी एनुगूहून. बोलणारे काहीही बोलतील, त्याचा हात मला फसवणार नाही."

"कधी निघणार आहे?"

"ऊन उतरलं की." ओकेझीने त्याचं मनगट धरलं. पकड आधीच गार होती. "दाजी, तिला थांबवा. माझं तिने कधी ऐकलंय?"

लॉरी सुटण्याआधीच ओकेझी गेला. ड्रायव्हरने त्याला उतरवून झाडाखाली ठेवलं, म्हणाला, जिवंतांना जागा लागतेय. आणि गाडी अमागूच्या उलट दिशेला निघून गेली. ओफोडिलेने मेव्हण्याचे डोळे मिटले. रडायलाही त्याला सवड नव्हती. अमागू तिथून पायी दिवसभराच्या वाटेवर होतं, आणि अमागूच्या पुढे काही कोसांवर शत्रूचं पहिलं ठाणं होतं.

रेडिओच्या राखणीला कॅप्टन उडे होता. तरुण, खरखरीत, तीन रात्री न झोपलेला. ओफोडिलेने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "साहेब, एवढंच सांगू द्या ओनुओराला, की बायकांनी एनुगूच्या रस्त्याला जाऊ नये. शहर पडलं म्हणू नका. रस्ता खराब आहे म्हणा."

"आणि का खराब आहे म्हणून विचारलं तर? पूर आला म्हणू?" कॅप्टनने पिस्तुलावर हात ठेवला. "एका बायकोपायी आघाडी मोडू? वाजव गपगुमान. नाहीतर तुला फितूर म्हणून ह्याच झाडाला उभा करीन."

त्या दिवसांत फितूर हा शब्द फार स्वस्त झाला होता. त्याच्यापायी रोज कुठे ना कुठे आपलीच माणसं आपल्याच गोळीने मरत होती.

पण ओफोडिलेच्या डोक्यात तोवर दुसरंच शिरलं होतं. उमुओगेत बाजाराच्या हाकेसारखी आणखी एक हाक होती, परतीची. माणसं पकडून नेऊन विकणाऱ्या टोळ्या फिरायच्या त्या काळातली. ती वाजली की बाई असेल तिथून मागे फिरणार; डोक्यावर घागर असो की हातात विळा. आणि जोवर तोच हात बाजाराची हाक वाजवून वाट मोकळी झाल्याचं सांगत नाही, तोवर कोणी उंबरा ओलांडायचा नाही. हात तोच हवा, कारण टोळीवालेही एक्वे वाजवायला शिकले होते. ओबियागेलीच्या घरी रेडिओ होता. उजुन्वा निघण्याआधी दुपारचं समूहगान ऐकणार, हे तो स्वतःच्या नावाइतकं पक्कं जाणून होता.

दुपारी बायका ट्रकपाशी उभ्या राहिल्या. ओनुओराने बोट वर केलं. ओफोडिलेने एक्वेवर दांडू टाकला आणि परतीची हाक वाजवली. सगळी, एकही ठोका न गाळता, आणि शेवटी आपली गिरकी.

ओनुओरा शेजारच्याच गावचा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी माइककडे वळून तो नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "हे एनुगू." बायका गायला लागल्या. त्यांच्यातलीही एक उमुओगेकडची होती. गाता गाता तिचे पाय आपोआप मागे सरकले.

कॅप्टनला हाक कळली नाही, पण वेगळं काही वाजलं एवढं कळलं. गाणं संपायच्या आधीच त्याने ओफोडिलेला कॉलर धरून ट्रकमागे ओढला. "काय सांगितलंस? कोणाला सांगितलंस?"

"बायकोला. घरी जा म्हटलं."

"एवढंच?"

"तिला एवढं सांगायलाही जन्म जातो, साहेब."

कॅप्टनने त्याचा डावा हात ट्रकच्या पायरीवर दाबून धरायला लावला आणि बंदुकीचा दस्ता घातला. एकदा नाही. बोटं आतल्या आत चुरली गेली, ओफोडिले गुरासारखा ओरडला, आणि पलीकडे बायका गातच होत्या, कारण माइक चालू होता. मग त्याला ताडाला बांधला. संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर गोळी घालायची ठरली.

विमान परत आलं ते त्यानंतर थोड्या वेळाने. बहुधा लॉरीच्या चाकोऱ्या दिसल्या असाव्यात. पहिला बॉम्ब रस्त्यावर पडला, दुसरा बनाच्या तोंडाशी, आणि तिसरा समूहगानाच्या बायका जिथे गरीची भांडी विसळत होत्या तिथे. ओफोडिले बांधलेला, त्याला डोळे झाकायलाही हात नव्हता. त्याने सगळं पाहिलं. एका मास्तरणीचं धड झावळीला अडकलं. दुसरी स्वतःची आतडी पदरात गोळा करत चार पावलं चालली आणि बसली. भाजलेल्या माणसांचा आणि ताडफळांच्या तेलाचा वास एकत्र झाला. विमान पुन्हा खाली आलं, मशीनगनने बन खरवडून काढलं, आणि गेलं. ट्रक मात्र वाचला. एक्वेही वाचला. असल्या गोष्टी वाचतात.

सहाच्या आधी कॅप्टन स्वतः त्याच्याजवळ आला. त्याचा एक कान गेला होता, मानेवर रक्त सुकलं होतं. त्याने सुरीने दोरी कापली. "ऊठ. वाजव. बॉम्बचे आवाज चौफेर गेलेत, शत्रू म्हणणार की एनुगूचा रेडिओ संपवला. तुझा ठोका ऐकला नाही तर लोकांना ते खरं वाटेल. उजव्या हाताने वाजव. नीट वाजवलंस तर गोळी माफ."

ओफोडिलेला आधी सुटल्यासारखं वाटलं. जगावंसं कोणाला वाटत नाही? तो एक्वेपर्यंत चालतही गेला. दांडू उचलला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आता हा हात बाजाराची हाक वाजवणार, म्हणजे वाट मोकळी झाली. उजुन्वा अमागूत पाय मोडून बसली असेल ती उठेल, टोपली उचलेल, लेकीला, गिनिकाला, पाठीवर बांधेल.

"नाही वाजवणार," तो म्हणाला.

"लेका, वाजव रे," ओनुओरा रडकुंडीला येऊन म्हणाला. "मरतोस फुकटचा. उद्या निरोप धाडू तिला."

"उद्यापर्यंत ती ठाण्यावर पोचेल."

कॅप्टनने पिस्तूल कानशिलाला लावलं. हा बोलून ऐकणारा नाही, पण दुखवून ऐकेल, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. ओफोडिलेला स्वतःची भीती वाटली. एका हाताचं दुखणं त्याने नुकतंच भोगलं होतं, दुसऱ्या खेपेला आपण कबूल होऊ हे त्याला कळून चुकलं. ट्रकशेजारी वीज करणारं इंजिन धडधडत होतं, त्याचा पट्टा उघडाच फिरत होता. तो दोन पावलं मागे सरला आणि उजवा हात त्याने पट्ट्यात घातला.

पट्ट्याने हात मनगटापर्यंत आत ओढला. इंजिन अडखळलं, ट्रकमधले दिवे मंद झाले, आणि पुन्हा लागले. कॅप्टन पिस्तूल हातात धरून नुसता उभा राहिला. मारायला आता काही उरलंच नव्हतं. सहा वाजले. एक्वे न वाजताच ओनुओराने माइक ओढला आणि फुटक्या आवाजात म्हणाला, "हे एनुगू."

ओफोडिले मेला नाही. मिशनच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात मनगटाच्या वरून कापला, डाव्याची तीन बोटं काढली. तापात तो हसायचा, म्हणतात. नर्सला सांगायचा, माझी बायको घरी आहे, दाराला कडी लावून बसलीय. एवढ्या वेदनेत इतका सुखी माणूस तिने पाहिला नव्हता.

काही आठवड्यांनी ओबियागेली त्याला शोधत आली. पाठीवर गिनिका होती. त्याला खाटेवर बसलेला पाहून ती दारातच थबकली आणि तिने तोंडावर हात मारला.

"तू जिवंत आहेस?"

"आहे की. उजुन्वा कुठेय? रागावलीय?"

ओबियागेली खाटेच्या कडेला बसली.

"तुझी हाक आली दुपारी. ही दारात पाय टाकणार एवढ्यात. टोपली उतरवली आणि हसायला लागली. म्हणाली, बघ, कसा ओरडतोय माझ्यावर सगळ्या देशासमोर. नाही गेली. आम्ही तुझा ओक्पा खाऊन टाकला. संध्याकाळी दोघी रेडिओजवळ बसलो, तुझी हाक ऐकायला. आलीच नाही. त्याआधी विमानं येऊन गेलेली, बॉम्बचे आवाज आम्हीही ऐकलेले. नुसता त्या निवेदकाचा आवाज, तोही रडका. हिने मला विचारलं, एनुगूच म्हणाला ना? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय? म्हणाली, हात थांबला म्हणजे माणूस गेला. गिनिकाला माझ्या मांडीवर ठेवलं. मी पदर धरला तिचा, ओफोडिले, शपथ घेते, पायात पडले. म्हणाली, माझ्या माणसाला परक्या मातीत कुत्र्यांपुढे टाकू? त्याला त्याच्या घराच्या मागे झोपवायला नको? कुदळ घेतली, तुला गुंडाळायला दोन कापडं घेतली, आणि गेली तुला आणायला."

एवढी एकच गोष्ट ओफोडिलेच्या डोक्यात आली नव्हती. एक हात चुरलेल्या, कानशिलाला पिस्तूल लागलेल्या माणसाच्या डोक्यात ती यायची तरी कशी? मला त्याचा राग येत नाही. मला ज्यांचा राग येतो ते सगळे अजून चांगले जेवूनखाऊन आहेत.

"ठाण्यापाशी तिला पाहिलं लोकांनी," ओबियागेली म्हणाली. "खड्ड्यात. गोळ्या घातल्या होत्या. कापडं तशीच घडी केलेली."

"तिला घरी कोणी आणलं?"

"कोण आणणार? तो रस्ता रेडिओवर सोडून कुठे मोकळा आहे?"

ओबियागेलीने पाठीवरची पोर सोडली आणि त्याच्यापुढे धरली. ओफोडिलेने तिला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. गिनिकाने त्या पट्ट्या बांधलेल्या खुंटांकडे पाहिलं, आणि मावशीच्या मानेत तोंड खुपसून ती रडायला लागली.