मिरवणूक आमच्या दारावरून

मी न्यू जर्सीत चाळीस वर्षं पूल बांधले. म्हणजे कागदावर, बांधले दुसऱ्यांनी. त्यातला एकही अजून पडलेला नाही, हे मी पार्टीत कोणी न विचारता सांगतो. अशा माणसाला आपल्या घरासमोरची सिमेंटची एक लादी दोन वर्षं सरळ करता आली नाही, हे मात्र कोणी विचारलं तरी सांगत नसे.

आमच्या घरासमोर मेपलचं झाड आहे. त्याच्या मुळाने साइडवॉकची लादी दोन बोटं वर उचलली होती. चालणाऱ्याला फार तर ठेच लागायची. पण मणक्याच्या ऑपरेशननंतर बायको व्हीलचेअरवर आली आणि खुर्चीची पुढची बारकी चाकं त्या कडेला अडायला लागली. दुसऱ्या बाजूला साइडवॉकच नाही, तो आमच्या घराशी संपतो. रस्त्यावरून जावं तर गाड्या. मी खुर्ची मागून तिरकी करून पलीकडे नेत असे, पण आपल्याला कोणी उचललेलं तिला खपत नाही. दोन-चार वेळा ओठ आवळून बसली, मग म्हणाली, "राहू दे." ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जायचं, मेलबॉक्स उघडायचा, परत यायचं. एवढंच तिचं बाहेर जाणं उरलं आणि मला टाउनचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, भयंकर राग आला.

टाउनच्या अ‍ॅपवर मी तक्रार केली. आठवड्यात 'क्लोज्ड'. पुन्हा केली, पुन्हा क्लोज्ड. खाली उत्तर असायचं, ते मी कधी उघडलं नाही. सरकारी उत्तरात काय असतं ते मला पाठ आहे, नोकरीत मी स्वतः तशी पुष्कळ लिहिलेली आहेत. मी फक्त पुढच्या तक्रारीतली विशेषणं वाढवत गेलो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग आमच्या मंडळाने विसर्जन मिरवणुकीच्या परमिटचं काम माझ्या गळ्यात घातलं, आणि मला लहानपणचं आमचं गाव आठवलं. तिथे वर्षभर खड्डे असायचे आणि मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात रस्ता गुळगुळीत व्हायचा. म्हणजे खड्डा बुजवून घ्यायचा तर त्यावरून देव न्यायचा. आमची मिरवणूक दरवर्षी शाळेच्या पार्किंग लॉटमधून निघून मोठ्या रस्त्याने सरळ पार्कमध्ये जायची. मी नकाशावर ती तीन गल्ल्या आत वळवली, माझ्या दारावरून नेली आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला आणून सोडली.

मंडळाचा सेक्रेटरी नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. नकाशा बघून म्हणाला, "काका, रूट तर स्ट्रेट होता ना आपला? इथं काऊन वळला?"

"सीनियर लोकांना घरबसल्या दर्शन," मी म्हणालो.

"त्या गल्लीत सीनियर म्हणजे तुम्ही दोघंच ना, काका?"

पण त्याने फॉर्म सबमिट केला. बायकोला मी सांगून टाकलं, की या वर्षी गणपती आपल्या दारात येणार आणि त्याआधी टाउन लादी सरळ करणार. तिने मला कपाटातली जांभळी इरकल काढायला लावली. दोन वर्षांत तिने चांगली साडी मागितली नव्हती. मी तर देव पाण्यात घालून बसलो, विसर्जनाला अवकाश असूनही.

अर्ज गेल्यावर टाउनची इन्स्पेक्टर मार्ग बघायला आली. पिवळं जाकीट, हातात रंगाचा स्प्रे, वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान. तिला हाताला धरून न्यायचंच काय ते मी बाकी ठेवलं. लादी दाखवली, पट्टी लावून उंची मोजून दाखवली, पुलांचंही सांगितलं. तिने लादीभोवती गुलाबी चौकोन मारला. मी मनात म्हटलं, पावला.

"ही तुमची आहे," ती म्हणाली.

"काय माझी आहे?"

"लादी. घरासमोरचा साइडवॉक घरमालकानेच नीट ठेवायचा असतो. तुम्हाला आम्ही बऱ्याच वेळा कळवलंय."

शिवाय अशा साइडवॉकवरून गर्दी नेता येणार नाही, तेव्हा मिरवणूक जुन्याच मार्गाने जाईल. आणि महिन्याभरात लादी दुरुस्त झाली नाही तर मला दंड होईल. हे सगळं ती फार अदबीने बोलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरात येऊन अ‍ॅप उघडलं. पहिल्या तक्रारीपासून प्रत्येकीखाली तेच एक उत्तर होतं, शेवटी 'धन्यवाद'सकट. दोन वर्षं बायकोला मी अडवून ठेवलं होतं आणि शिव्या टाउनला घातल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर आला. सकाळी लादी फोडली, मूळ छाटलं, नवं सिमेंट ओतलं. आमची जेवणं व्हायच्या आत त्याचं काम संपलं होतं.

बायकोला लादी दिसली, पण मिरवणूक येणार नाही हे सांगायची माझी हिंमत होईना. विसर्जनाच्या दुपारी ती इरकल नेसून ड्राइव्हवेवर बसली. निऱ्या मी घातल्या होत्या, म्हणून वाकड्या. लांबून ढोल ऐकू येत होते, जवळ काही येत नव्हते. शेवटी मी सगळं सांगून टाकलं, न वाचलेली उत्तरं, गुलाबी चौकोन, दंड. म्हटलं, "चुकलं माझं. गणपती दारात येणार नाही."

तिने खुर्ची नव्या लादीकडे वळवली.

"अहो, दारात आणा असं मी कधी म्हटलं होतं?" ती म्हणाली. "मला बाहेर जायचं होतं."

मी सवयीने खुर्चीच्या मागे गेलो. तिने हातानेच मला बाजूला केलं आणि चाकं फिरवली. ती लादीवर चढली, उतरली, कुठेच अडली नाही. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरेल. कोपऱ्यावर ती थांबली, ढोल कुठे वाजताहेत त्याचा अंदाज घेतला आणि तिकडे वळली. तिला गाठायला मला भराभर चालावं लागलं.