हिराजीनं नांदवलेलं इंजिन

हिराजी पांढरा शर्ट घालून इंजिन खोलायचा. मला त्याचा पहिला राग आला तो याच गोष्टीचा. आमच्या धंद्यात कपड्यांचा रंग एकच, काळा. मी खिशात पांढरा रुमाल ठेवला तर दुपारपर्यंत त्याचं पोतेरं होई. आणि हा पठ्ठ्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून इंजिनाच्या पोटात हात घाली, संध्याकाळी बाह्या सोडी आणि तसाच कुणाच्या तरी हळदीला जाऊन पहिल्या रांगेत बसे. शर्टावर एक डाग नाही. मी कितीदा तरी गळाभेटीचं निमित्त करून जवळून पाहिलं आहे. नव्हताच डाग.

आम्ही दोघे जूचंद्रचे, एका वयाचे. नायगावात एकाच उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून मेकॅनिक झालो. पुढे मी रस्त्याला लागून गॅरेज टाकलं, पत्र्याची शेड घातली, पाटी रंगवून घेतली. हिराजीनं काहीच टाकलं नाही. त्याच्या अंगणात एक चिंच होती, तिच्या फांदीला त्यानं चेनकप्पी बांधली, झालं गॅरेज. तरी गाड्या माझ्या पाटीसमोरून जायच्या आणि त्याच्या चिंचेखाली उभ्या राहायच्या.

आमच्या गावात पुरुष रांगोळ्या काढतात. ठिपक्यांच्या नव्हेत, माणसांच्या. दिवाळीत शाळेच्या वर्गांतून जमिनीवर चेहरे उमटतात आणि बाहेरगावची माणसं रांग लावून बघायला येतात. हिराजीनं एका वर्षी त्याच्या म्हातारीचा चेहरा काढला होता. तिच्या गालावरच्या सुरकुत्या बघताना लोक तोंडावर हात धरत होते, श्वासानं उडतील म्हणून. त्या वर्षी मीही काढली होती. माझी रांगोळी दाराशी, लोक चपला काढतात तिथे आली. तेव्हापासून हिराजी मला म्हणायचा, "वसंता, तुजा हात पान्यावर चांगला. पन चिमटीत काय नाय." त्याच्या स्वतःच्या चिमटीला चैन नसे. बोलताना, चहा पिताना, बंद इंजिनाकडे बघताना अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर घासत राहायची. बघणाऱ्याला वाटे, आता काहीतरी मोठं घडणार. आणि मेल्याच्या हातून घडायचंही.

माझे सासरे, नाना, गावातलेच. त्यांच्याकडे एक जुना पेट्रोल पिकअप होता, जीपच्या जातीचा, मागे उघडा हौदा असलेला. सकाळी त्यातून वाडीतली भाजी जायची, दुपारी मिठागरावरच्या गोणी. मिठानं खालची चासी खाल्ली होती आणि पेट्रोलनं नानांना. शेवटी ते माझ्या गॅरेजवर आले आणि म्हणाले, "जावई, हिच्यात डिझेल इंजान बसंल काय?"

मी धंद्याला प्रामाणिक माणूस. मी म्हटलं, डिझेल इंजिन वजनाला जड, पुढचे स्प्रिंगचे पाटे बसतील, रेडिएटर मोठा लागेल, चासी आधीच गंजलेली, इंजिन धरून ठेवणारी फाउंडेशनं तिच्यावर टिकतील की नाही सांगवत नाही. सगळं बघून, विचार करून सांगतो. नाना मान हलवत गेले आणि जाता जाता चिंचेखाली थांबले. हिराजीनं ऐकून घेतलं, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "मी हाय ना!"

झालं. सख्खा जावई गावात गॅरेज टाकून बसलेला असताना सासऱ्याची गाडी परक्याच्या झाडाला! मी घरी आदळआपट केली, तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी 'बगतो' बोल्लाव. तो 'मी हाय' बोल्ला." तिनं बापाची बाजू घेतली याचं मला दुःख नव्हतं. तिचं म्हणणं बरोबर होतं याचं होतं. त्या दिवसापासून मी मनाशी एकच धरून बसलो: ही गाडी एक ना एक दिवस बिघडून माझ्या गॅरेजवर यावी, आणि नानांनी कबूल करावं की जावयाकडेच आधी द्यायला हवी होती.

हिराजीनं एका मोडीत निघालेल्या टेंपोचं डिझेल इंजिन आणलं. मी जाणार नव्हतो, पण पाय वळलेच. बघतो तर अंगणात ही गर्दी. त्यानं सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं सबंध गाडी काढली होती, आहे त्या मापाची. चासीचे दोन दांडे, त्यांच्यामध्ये इंजिन, मागे गिअरबॉक्स, पुढे रेडिएटर. पंखा रेडिएटरला कुठे घासेल तिथे लाल रंग भरला होता. चित्रातलं इंजिन चार बोटं मागे सरकवून त्यानं तो लाल भाग हातानं पुसला आणि पंखा पुन्हा काढला. बायका कौतुकानं हसत होत्या, म्हातारे उकिडवे बसून बघत होते. मी दहा वर्षं खपलो तरी माझ्या कामाला कुणी उकिडवं बसलं नव्हतं. हिराजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इंजान बसवाचा नसते रं, नांदवाचा असते. नवरी हाय ती. घर दाखवाचा, मंग आनाची."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "प्लेट कशी आखणार?" कारण खरी मेख तिथेच होती. इंजिन एका जातीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा, दोघांच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत. मध्ये लोखंडाची जाड प्लेट घालून तिला दोन्हीकडची भोकं पाडावी लागतात. केसभर चुकलं तर गाडी जन्मभर थरथरते.

"रांगोलीनं," तो म्हणाला. "भोकांतून वरून सोराची. खाली ठिपके परतात. आमचा छाप असते तसा."

"रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा," मी आवाज चढवून म्हटलं. "फ्लायव्हीलच्या पोटात बेअरिंग आहे. त्यात एक चिमूट गेली तर बेअरिंग खाऊन टाकील. महिन्यात किरकिर सुरू होईल, मग बोलू नकोस."

गर्दीनं माना वळवून माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग हिराजीनं चिमटी वर धरून सगळ्यांना दाखवली. "रांगोलीनं कंदी कुनाचा वाकरा झालाय?" सगळे खदखदून हसले. नानाही.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी थांबून मी पाहिलं. जमिनीवर काळी प्लेट, तिच्यावर उपडा गिअरबॉक्स, आणि हिराजी गुडघ्यावर बसून भोकाभोकातून पांढरी भुकटी सोडत होता. माझं एक अक्षर त्यानं ऐकलं नव्हतं. मी तिथूनच मागे फिरलो. जाताना मनात म्हटलं, सोड बाबा, आणखी सोड.

इंजिन सुरू करायच्या दिवशी मला बोलावणं आलं, जावई ना मी. डिझेलच्या नळीत हवा अडकली होती. हिराजीनं एकेक नट सैल करून ती काढली, आत बसून सेल्फ मारला. गाडी दोनदा खोकली, काळा धूर ओकली आणि धडधडायला लागली. बोनेटवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून त्यानं लोकांना दाखवला. पाणी हललं, सांडलं नाही. शर्ट पांढराच.

नानांची एक रीत होती. गाडी दुरुस्त होऊन बाहेर पडली की पुढ्यात नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मानाच्या माणसाला द्यायचा. त्यांच्या घरात तो मान जावयाचा. लग्नापासून मी तो कधी चुकवला नव्हता, आणि त्यांनीही नाही. त्या दिवशी नानांनी नारळ फोडला आणि पहिला तुकडा हिराजीच्या हातावर ठेवला. दुसरा मला दिला. गोड होतं म्हणतात ते खोबरं. मला चव आठवत नाही. इंजिनाचं नाव कागदावर चढवायला ठाण्याच्या आरटीओतल्या खेपा मात्र नानांनी माझ्याकडेच दिल्या. त्यात मान नव्हता.

मग मी वाट बघायला लागलो. पिकअप रोज सकाळी भाजी भरून माझ्या गॅरेजसमोरून जायचा. मी हातातलं काम थांबवून कान लावायचो. क्लच दाबला की किरकिर येते का, उतारावर गुणगुण येते का. महिना गेला. वर्ष गेलं. गावाभोवतीच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, मिठागरं ओस पडली, पिकअपमधून गोणींऐवजी नव्या बिऱ्हाडांचं सामान जाऊ लागलं. आवाज तसाच, धड, धड, धड. माझी बायको घरात बसून सांगायची, "बाबांची गारी आली." गर्दीतल्या दहा गाड्यांतून तो आवाज सगळ्या गावाला ओळखू यायचा. लोक म्हणायचे, हिराजीचा इंजान चाललाय. पिकअप नानांचा, पैसे नानांचे, कागद मी केलेले, आणि इंजिन हिराजीचं.

माझा मत्सर त्याला कळत होता का? न कळायला तो काही भोळा नव्हता. कधी गॅरेजवर यायचा, चहा मागायचा आणि पिकअप समोरून गेला की चिमटी घासत विचारायचा, "आला काय रं आवाज?" मी म्हणायचो, "कसला?" तो मान मागे टाकून हसायचा. असा हसला की मला त्याला चहा दिल्याचा पश्चात्ताप व्हायचा.

त्याला कावीळ झाली. साधी म्हणून गावठी औषध घेत राहिला, आणि वसईच्या दवाखान्यात नेला तोवर उशीर झाला होता. मी भेटायला गेलो. डोळे हळदीसारखे, अंगात दवाखान्याचा मळका सदरा. त्याला पांढऱ्या शर्टाशिवाय मी प्रथमच पाहत होतो. मला बघून म्हणाला, "नानांची क्लचप्लेट आता जावाला आली. मी बोल्लोय त्यांना, वसंताकरं टाका."

"तुझं काम तूच कर उठून," मी म्हटलं.

"मी हाय ना," तो म्हणाला. त्याचं हे वाक्य तेवढं एकदाच खोटं निघालं.

त्याला न्यायला अख्खा गाव लोटला होता. मी रडलो, खरंच रडलो. आणि रडता रडता माझ्या मनात आलं की माझ्या वेळी एवढी माणसं यायची नाहीत.

पिकअप शेवटी माझ्या गॅरेजवर आला. ओढत नाही, आपल्या पायांनी, आणि तोही त्याच्या शिफारशीनं. मी गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला. बदलायचं म्हणून नवं बेअरिंग आधीच आणून फळीवर ठेवलं होतं. फ्लायव्हीलच्या पोटातलं जुनं बाहेर काढलं, रॉकेलनं धुतलं, उजेडात धरलं. एक ओरखडा नव्हता. बोटानं फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो.

हिराजीची बायको, यमुनावहिनी, बाकावर बसली होती. हिराजी गेल्यापासून ती नानांच्या पिकअपमधूनच भाजी घेऊन बाजाराला जायची. उद्या गाडी मिळेल का, ते विचारायला आली होती.

"काय बगताव इतका, भावजी?"

"रांगोळी शोधतोय, वहिनी. प्लेट आखताना त्यानं ओतली होती. यात काहीच कसं नाही?"

"कनची रांगोली?" ती म्हणाली. "पीठ होता तो. माज्या डब्यातला तांदलाचा पीठ. समदा घेऊन गेला. त्या दिवशी आमच्यात भाकरी झालीच नाय, भातावर भागवला."

मी बेअरिंग फडक्यावर ठेवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"तुमीच बोल्लाव ना सगल्यांच्या पुरं. घरी येऊन बोलते कसा, वसंता खरा बोल्ला, रांगोली दगर हाय. मना चित्र कलते, इंजान त्याला कलते. मी बोल्ले, मंग जाऊन सांगा त्याला. तर बोलते, नको, उगा डोक्यावर चढंल." एवढं सांगून ती हसली, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

मला आधी आला तो राग. इतकी वर्षं मी ज्या आवाजासाठी कान लावून बसलो होतो, तो येऊच नये याची सोय त्या दिवशी मीच करून आलो होतो. गावात माझं बोलणं मनावर घेणारा एकच माणूस होता, आणि त्यानं ते चारचौघांत सांगायचं सोडून पिठाच्या डब्यापाशी सांगितलं. तोंडावर बोलला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? मग रागही ओसरला. मागे राहिला तो हिराजी, कुंपणाच्या पलीकडे गुडघ्यावर बसलेला, माझ्या शब्दाखातर घरातली भाकरी लोखंडावर सांडणारा.

नवं बेअरिंग मी फळीवरून काढलंच नाही. जुन्यालाच ग्रीस भरून जागच्या जागी बसवलं. सकाळी नाना आले, भाजीची टोपली घेऊन यमुनावहिनीही आली. "काय निघाला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हिराजीनं चांगलं नांदवलंय."

सेल्फ मारला. धड, धड, धड. नानांनी पुढ्यात नारळ फोडला, पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि दुसरा यमुनावहिनीच्या. मी माझा तिला दिला आणि तिचा घेतला. दुसऱ्या तुकड्याची मला सवय होती.