सगळ्यांचे चार

दोष आबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी ‘पोराचंच चुकलं असेल’ म्हणायला कुणी नको. आबा म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचे कोच. ग्राउंड कान्हे स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर. मी तिथला करारावरचा लेफ्ट विंगर, त्यासाठी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. आम्ही क्लबमधले जुने चौघं चहाला जमलो की किस्से निघतात. एक सांगितला की त्याला चिकटून तीन येतात. पोट धरून हसतो आम्ही. मग लंगडत उठतो.

*

पुण्याहून एक फिजिओ मॅडम आल्या. त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. रोज ट्रेनिंग संपलं की प्रत्येकानं आपल्या नावापुढं आकडा लिहायचा. एक म्हणजे फ्रेश, दहा म्हणजे मेलो. आकडे चढले की दुसऱ्या दिवशीचं ट्रेनिंग कमी करायचं. साधी गोष्ट!

पहिल्याच दिवशी आमचा गोलकीपर तुषार यानं प्रामाणिकपणे आठ लिहिलं. आबांनी वाचलं.

“आठ? नांगर वढलास व्हय रं? जा, टेकडीला चार चकरा मारून ये. मंग कळंल खरं आठ कसं आस्तं त्ये!”

दुसऱ्या दिवशी तक्त्यावर बावीस नावं आणि बावीस चार! आबा छाती फुगवून मॅडमना म्हणाले, “बगा, एका दिसात पोरं फिट!”

*

क्लबचे अध्यक्ष भाऊ. त्यांनी हौसेनं जीपीएसचे व्हेस्ट आणले. अंगात घालायचे, कोण किती पळालं ते मोबाईलवर दिसतं. आबांना त्यातलं एकच कळलं, किलोमीटर. ज्याचे सगळ्यात कमी, त्याला टेकडी.

सगळ्यात कमी कुणाचे? तुषारचे. रोज तुषारचे.

“आबा, मी कीपर आहे.”

“मंग? कीपरला पाय न्हाईत?”

पुढच्या मॅचला बॉल पलीकडं गेला की तुषार एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टपर्यंत पळत सुटायचा. समोरच्यानं मैदानाच्या मधनंच बॉल हाणला, तेव्हा हा उजव्या पोस्टपाशी किलोमीटर भरत होता!

एक-शून्य हरलो. तुषारला टेकडी माफ झाली.

*

मॅडमनी मॅचच्या आधीचा दिवस आरामाचा ठेवला होता. जुलैतल्या एका आरामाच्या दिवशी सकाळी भाऊंचा टेम्पो ग्राउंडवर उभा. परंदवडीला भाऊंच्या खाचरात इंद्रायणी भाताची लावणी निघाली होती आणि माणसं मिळत नव्हती.

“आराम म्हंजी लोळनं न्हवं,” आबा म्हणाले. “चिखलात पाय घट व्हत्यात.”

करारावरचे बावीस खेळाडू दिवसभर ओणवे होऊन रोपं लावत होते. दुसऱ्या दिवशी कॉर्नर आला की हेडर मारायला एकाची कंबर सरळ होईना. खुर्चीत बसून भाऊच ओरडत होते, “आरं, उडी मारा की!”

भाताला फुटवे मात्र झकास आले.

*

दिवाळीची दहा दिवस सुट्टी झाली. मॅडम म्हणाल्या, “आबा, स्नायू थंड पडलेत. ट्रेनिंग हळूहळू वाढवा.”

आबांचा हिशेब वेगळा. “धा दिस बुडल्यात, आज एका दिसात वसूल करू!”

संध्याकाळपर्यंत चौघांच्या मांड्यांचे मागचे स्नायू फाटले होते. एकाच दिवशी चौघं! आम्ही त्यांना उचलून सावलीत नेत होतो आणि आबा मॅडमना समजावत होते, “बगितलंत? चकल्या लय खाल्ल्यात.”

मॅडमनी त्याच आठवड्यात काम सोडलं. जाताना मला म्हणाल्या, “तू तरी खरा आकडा लिही.”

*

जानेवारीत पुण्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस मला बघायला येणार होता. रविवारी. मंगळवारी माझा गुडघा सुजून टम्म झाला होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी नऊ लिहिलं. आबांनी माझ्यादेखत ते खोडलं आणि स्वतःच्या हातानं चार लिहिलं.

“रविवारी मान्सं बगाया येनार, आन् नऊ? लाज वाटत न्हाई?”

घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, “एवढी पोरं घडवलीत त्यांनी. त्ये म्हणत्यात तसं कर.” माझा गुडघा सोडून सगळ्यांना आबांचं खरं वाटत होतं!

बुधवारी वलवणच्या चढावर दहा स्प्रिंट होते. सातव्याला गुडघ्यात काडकन आवाज झाला. दहा पावलं मागं असलेल्या तुषारला तो ऐकू गेला.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आबा हॉस्पिटलात आले. एका हातात शहाळं, काखेत गुंडाळलेला तक्ता. त्यांनी तो माझ्या पांघरुणावर पसरला.

“भाऊंना ह्यो फायलीला लावायचाय. तुजंच रकानं कोरं राह्यल्यात. भर.”

मी पेन घेतलं. “ऑपरेशनच्या दिवसापुढं काय लिहू?”

आबांनी खरंच विचार केला. शहाळ्यात स्ट्रॉ घातली, माझ्यापुढं धरलं.

“चारच लिव.”

मी लिहिलं.

करार संपला. डॉक्टरांनी फुटबॉल कायमचा बंद सांगितलाय. मी एकवीस वर्षांचा आहे.