सफरांब्याची बरणी

हे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसले तरी त्या जागेपाशी आले की वळसा घालून पुढे जायची मी. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. तुम्ही माझ्या ओळखीचे ना पाळखीचे — म्हणून की काय, तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. पण एकदम नाही जमायचं हो मला. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलते. सवयच आहे मला तशी, आमच्या मजल्यावर कुणालाही विचारा.

आमच्याकडे एक पदार्थ होतो, त्याला आम्ही सफरांबा म्हणतो. तुम्ही नाव ऐकलं नसणार, कारण ते घरातलंच आहे. माझ्या लग्नाआधी सासऱ्यांना कावीळ झाली होती. आता आजाऱ्याला भेटायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? जो येईल तो सफरचंदं घेऊन येई. घरात माणूस आजारी एक आणि सफरचंदं टोपलीभर. सासऱ्यांना तर ती नजरेसमोर नकोशी झाली. मग आईंनी — सासूबाईंना आम्ही आई म्हणायचो — त्या रत्नागिरीकडच्या, मोरांबा करण्यात हात बसलेला, त्यांनी ती सगळी सफरचंदं सोलली, शिजवली, घोटली आणि मोरांब्यासारखी साखरेत आटवली. सासरे बरे झाले ते त्या सफरांब्यानेच, असं त्या मरेपर्यंत म्हणत होत्या. डॉक्टरला त्यातलं काहीही श्रेय मिळालं नाही.

श्रावणात हातगाड्यांवर ती लहान, हिरवट, आंबूस सफरचंदं येतात ना, तीच घ्यायची. लाल, गोड नकोत, त्यांचा नुसता गिच्च गोळा होतो. सोलून फोडी करायच्या, लिंबाचं पाणी शिंपडायचं, झाकण ठेवून वाफेवर मऊ होऊ द्यायच्या. मग रवीने घोटायच्या. साखर निम्मी, त्याच्यावर नाही. चार लवंगा, चिमूटभर केशर. पळीवरून धार न पडता गोळा पडला की उतरवायचं. आता गंमत बघा — साखर अशी बेताची, म्हणून चव सुंदर. पण त्याच कारणाने तो जपावाही लागतो. कैरीचा मोरांबा वर्षभर हलत नाही, ह्याचं तसं नाही. श्रावणात ऊन कुठलं, म्हणून आई बरणी धुऊन, पुसून शेगडीच्या बाजूला रात्रभर पालथी ठेवायच्या. त्याचा चमचाही वेगळा. बरणीच्या वर खिळ्याला टांगलेला असायचा, दुसऱ्या कशात तो जायचा नाही आणि दुसरा कुठला बरणीत जायचा नाही. पाण्याचा एक थेंब आत गेला की चार-आठ दिवसांत फेस. हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

तेव्हा आम्ही कळव्याला राहायचो. दोन खोल्या आणि एक गॅलरी. आई, सासरे, आम्ही दोघं, आमचा मुलगा. मग धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि शैला आली, माझी धाकटी जाऊ. ठाण्याला एका ऑफिसात टायपिस्ट होती. सकाळी सातला अर्धा स्वयंपाक उरकून जायची, संध्याकाळी येताना माझ्यासाठी वाचनालयातलं मासिक बदलून आणायची. मी सातवी शिकलेली. ती मला कधी म्हणाली नाही की तुम्हाला हे कळायचं नाही. उलट वाचून झालं की विचारायची, कशी वाटली गोष्ट? मला असं त्याआधी कुणीच विचारलं नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा बाजूला बसायची पद्धत होती. महिन्याचे चार दिवस गॅलरीत चटई, ताटवाटी वेगळी, ओट्याला हात नाही, आणि लोणच्या-मोरांब्याच्या बरणीवर तर सावलीसुद्धा नको. मी बसायची. शैलाने दोन-तीन महिने बघितलं आणि एक दिवस दोऱ्यांवर कपडे वाळत घालताना मला हळूच म्हणाली, "वहिनी, मी काही तारीख सांगणार नाहीये कुणाला. दिवसभर ऑफिसात बसून यायचं आणि परत इथे कोपऱ्यात बसायचं? तुम्हाला सांगून ठेवते, तुम्ही तेवढं सांभाळून घ्या."

मी सांभाळून घेतलं. दीड वर्ष घेतलं. तिचे कपडे माझ्या कपड्यांत घालून वाळवले. पण खरं सांगू? मी गॅलरीत चटईवर बसलेली असायची आणि ती आत पोळ्या लाटत गाणं गुणगुणायची, तेव्हा मला ते आवडायचं नाही. धाडस तिचं होतं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, मीही न सांगता राहू शकले असते. नाही राहिले. आणि राग मात्र तिचा यायचा — काय म्हणायचं ह्याला?

त्या वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला येणार होती. तिला आईंचा सफरांबा फार आवडायचा. गणपती झाल्यावर आईंनी मोठी बरणी भरून केला, तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला आणि बजावलं, हा ठकूचा, ती येईपर्यंत ह्याला कुणी उघडायचं नाही. आमच्यासाठी लहान बरणी वेगळी होती. ती आठवड्यात संपली. मुलाच्या डब्यात, ह्यांच्या डब्यात, सासऱ्यांच्या पोळीशी. माझ्या वाट्याला बरणी पुसलेली पोळी आली.

दुपारी घरात सामसूम असे. आई सासऱ्यांना घेऊन देवळात पुराणाला जायच्या. मी मोरीत भांडी घासत बसायची. एका दुपारी भांडी घासता घासता मला एकदम तो वास आला, लवंगेचा. खरं तर दादऱ्यातून कुठला वास येतोय. मनातूनच आला असेल. मी उठले. हातात नुकताच विसळलेला चमचा होता. तोच घेऊन गेले. खिळ्यावरचा कोरडा चमचा तिथे समोर होता, पण तो वापरला तर तो चिकट होणार, मग धुवावा लागणार, मग तो ओला टांगलेला आईंना दिसणार — एवढा हिशोब केला मी. म्हणजे बघा. विचार करून केलं. ओला चमचा पदराला नुसता टेकवला आणि बरणीत घातला. दादरा परत तसाच बांधला. मग दुसऱ्या दिवशी. मग त्याच्या पुढच्या दिवशी. असं चारदा.

पंधरा दिवसांनी नणंद आली. आईंनी दादरा सोडला आणि आंबूस, दारूसारखा भपकारा आला. वर पांढरा फेस, कडेला बुरशी. लेक समोर आठवा महिना घेऊन बसलेली आणि तिच्यासाठी केलेलं असं निघालं. आईंच्या मनात काय काय आलं असेल कोण जाणे. बरणी तशीच मागे जाऊन नाल्यात ओतून आल्या. मग मला आत बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. "थोरले, खरं सांग, ह्याला कुणाचा हात लागला? ओला चमचा घातला का कुणी?"

आता इथे मी थांबते जरा.

मला 'हो' म्हणता आलं असतं. काय झालं असतं? बोलल्या असत्या चार दिवस. हावरी म्हटलं असतं. नणंदेसमोर मान खाली गेली असती. एवढंच. ह्यापलीकडे काही नाही, मी पुष्कळदा तपासून बघितलंय.

मी म्हणाले, "चमच्याचं नाही वाटत मला, आई. शैलाची तारीख होती त्या आठवड्यात."

माझ्याच तोंडून गेलं, आणि शांतपणे गेलं. आणि जाताना थोडं बरंही वाटलं. ते मी कधी विसरू शकले नाही, बरं वाटलेलं.

संध्याकाळी शैला ऑफिसातून आली, खांद्यावरची पर्स अजून काढली नव्हती. आईंनी तिला विचारलं, त्या दिवसांत बरणीला हात लावलास? शैलाने एकदा माझ्याकडे बघितलं. कुणी सांगितलं ते तिला त्याच क्षणी कळलं, दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. मग ती म्हणाली, हो, फळी पुसताना बरणी उचलून बाजूला ठेवली होती. नुसती उचलली होती हो. दादऱ्यालासुद्धा हात नव्हता लावला. पण ती खोटं बोलली नाही. त्या घरात त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटी.

तिच्या पर्समध्ये माझं मासिक होतं. ते तिने काढून माझ्या हातात दिलं.

त्यानंतर आईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्या तारखेला शेंदराचा ठिपका लावायला सुरुवात केली. सासरे, दीर, आले-गेले, सगळ्यांसमोर. चार दिवस ऑफिसातून आली की गॅलरीत चटईवर. एकदा पाहुण्यांसमोर आई म्हणाल्या, हिच्या हाताचं काही टिकत नाही. नणंदेला मुलगी झाली, सुखरूप झाली, सगळं चांगलं झालं, तरी ठिपका राहिला. वर्षभरात दिरांनी दोन स्टेशनं पुढे, दिव्याला भाड्याने खोली घेतली. पाणी नाही, रस्ता नाही, पण भाडं झेपणारं. सगळे म्हणाले, शिकलेली सून, वेगळं निघायचंच होतं तिला. मीही मान हलवली.

आईंनी सफरांबा मला शिकवला, तिला नाही. दरवर्षी तिची एक बरणी मी पाठवते, अजून पाठवते. दिव्यात पाण्याची ती बोंब, टँकरची वाट बघायची, तरी माझी बरणी दरवेळी लख्ख धुऊन यायची, आणि रिकामी कधीच नाही. कधी शेंगदाण्याचे लाडू, कधी कुळथाचं पीठ. मला वाटायचं, विसरली असेल. मी तिची तारीख सांगितली एवढंच तिला ठाऊक, आणि ते तिने पोटात घातलं. चमच्याचं तिला कुठे माहीत?

ह्या श्रावणात ती आली होती आमच्याकडे, डोंबिवलीला. आम्ही आता कोपरच्या बाजूला राहतो. माझी सून मुग्धा घरूनच काम करते, कानातलं ते फोनचं यंत्र काढून मध्येच स्वयंपाकघरात येते. आम्ही तिघींनी मिळून सफरचंदं सोलली, शैलाने घोटलीसुद्धा, गप्पा काय, हसणं काय. भरायची वेळ आली. मुग्धा म्हणाली, "काकू, तुम्ही भरता का बरणी? माझे हात चिकट झालेत."

शैलाने दोन्ही हात पदराखाली घेतले. त्रेसष्ट वर्षांची बाई, शाळेतल्या मुलीसारखे. "नको गं. वहिनीच भरतील."

"अहो काकू, आता तुम्हाला कसली आलीय अडचण?"

"आता नाही गं. पण एकदा नासलाय माझ्या हातून. बाळंतिणीसाठी केलेला, अख्खी बरणी गेली. मी नव्हते मानत हे असलं काही, विचार वहिनींना. पण असं प्रत्यक्ष घडल्यावर काय करणार? आमच्या सायलीलाही सांगते मी, बाकी काही पाळू नकोस बाई, पण त्या दिवसांत लोणच्या-मोरांब्याला तेवढा हात लावू नकोस. चिडते माझ्यावर. दोन दिवस बोलत नाही." सायली तिची सून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो की नाही, वहिनी? तुम्ही होतात ना तेव्हा."

म्हणजे चाळीस वर्षं तिला हे खरं वाटत होतं. तिला. दोऱ्यांवर कपडे घालताना जी मला म्हणाली होती, त्या शैलाला. शेंदराचा ठिपका कॅलेंडर बदललं तेव्हाच गेला असेल असं मला वाटत होतं. तो तिने दिव्याला नेला, आणि आता सायलीला देतेय.

मुग्धा माझ्याकडे बघत होती. शैला बघत होती. घरात आम्ही तिघीच होतो. आईंना जाऊन किती वर्षं झाली. मला कुणाची भीती होती?

मी "हो" म्हणाले.

आणि कोरड्या चमच्याने बरणी भरली, कडा पुसल्या, दादरा बांधला. शैलाची लहान बरणी वेगळी भरून पिशवीत ठेवली. ती निघाली. गुडघे दुखतात तिचे, कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. मी दारात उभी होते. आम्ही पहिल्याच मजल्यावर राहतो, खालच्या पायरीपर्यंत हाक सहज पोचते. फाटकापर्यंतही पोचते.

ती फाटकातून बाहेर पडली, वळून तिने हात केला. मीही केला. मग दार लावून घेतलं.