झालं, जा घरी

"श्वास घ्या... धरा... सोडा. झालं, जा घरी."

कर्जतच्या एका लहानशा इस्पितळात एक्स-रे काढणारे ते गृहस्थ दिवसभर एवढंच बोलत. पण "धरा" म्हणताना आवाज असा खाली आणत, की दाराबाहेर बाकावर बसलेले नातेवाईकही श्वास धरून बसत. मी स्वतः धरलेला आहे. तुम्ही असता तर तुम्हीही धरला असता.

एकदा त्यांनी एका आजींना "धरा" म्हटलं आणि वीज गेली. ते मेन स्विच बघायला बाहेर गेले. परत येऊन बघतात तर आजी गाल फुगवून, डोळे वटारून तशाच उभ्या!

"अवं आजी, सोडा ना!"

"तुमी सांगितलं कुठं?" धापा टाकत आजींनी त्यांनाच झापलं.

फोटो निघाला की तो खिडकीच्या उजेडाकडे धरून ते एक डोळा मिटून बघत. "काय हाय हो त्यात?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "मी फोटोवाला. वाचणार डॉक्टर." मात्र "जा घरी" ते प्रत्येकाला म्हणत. ती नुसती सवय होती. लोक मात्र त्यालाच निकाल समजत आणि हलक्या पावलांनी बाहेर पडत.

माणूस मूळचा शेतकरी, आमच्या ओढ्यापलीकडच्या गावचा. आषाढात शिशाच्या एप्रनखाली त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले असत. "सकाळी लावणी, दुपारी फोटो," असं म्हणून हसत. आमची भातशेती त्यांच्या शेजारचीच, आणि जोडीला घरामागे कोंबड्यांची शेड. शेडचं सगळं काम माझा धाकटा भाऊ किसन बघायचा. तो कबड्डी खेळायचा. एकदा बरगडीला मार बसला म्हणून फोटो काढायला गेला, तर "सोडा" म्हटल्यावरही हा पठ्ठ्या मुद्दाम श्वास धरूनच उभा.

"सोड रं, मशीन थकलं!" तेव्हा ते किती हसले होते.

ही गोष्ट त्यानंतरच्या शिमग्याची. ऊन चढलं होतं आणि शेडमध्ये मर लागली. आधी चार पक्षी, मग वीस, मग मोजणंच सोडलं. उन्हाने कोंबड्या मरतात, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्या वेळी तेवढंच ठाऊक असणं सोयीचं होतं. खबर दिली तर सरकारी लोक सगळी शेड रिकामी करतील, ही भीती. मी किसनला म्हटलं, "कुठं बोलू नको." त्याने उघड्या हातांनी मेलेले पक्षी गोळा केले आणि चुना टाकून पुरले.

मग तो खोकायला लागला. आमच्याकडे हे दिवस राब भाजायचे. जिथे भाताचं रोप करायचं, त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून पेटवतात, म्हणजे तण मरतं. गावभर धूर असतो आणि सगळेच खोकतात. "राबाचा धूर लागला," मी म्हटलं. अंग तापलं, तर गावठी कोंबड्याचा रस्सा आणि काढा पाजला. तरणाताठा गडी, त्याला काय होतंय! तिसऱ्या सकाळी त्याचे ओठ काळेनिळे दिसले, तेव्हा रिक्षात घालून इस्पितळात नेला. तिथेही मी धूरच सांगितला.

मी दाराबाहेर बाकावर होतो. आतून आवाज आला, "श्वास घे. धर." लगेच खोकला. पुन्हा, "धर रं." पुन्हा खोकला. जो किसन एका दमात अर्धं मैदान फिरून यायचा, त्याला तीन आकडे मोजेपर्यंत श्वास धरता येईना.

ते फोटो घेऊन बाहेर आले. "जा घरी" म्हणाले नाहीत. मला कोपऱ्यात ओढलं.

"कोंबड्या मेल्या का रं?"

"उन्हानं..."

"उन्हाचं मला नको सांगू. तुमच्या शेडमागं चुना बघितलाय मी. मेल्या का?"

मी मान खाली घातली. "शेड जाईल हो आमची."

"शेड पुन्हा भरता येतंय, येड्या. ह्यो कुठनं आणशील?"

माझा दंड धरून ते मला डॉक्टरांपुढे घेऊन गेले आणि एकेक गोष्ट वदवून घेतली. सगळ्यांच्या तोंडाला मास्क लागले. किसनला ऑक्सिजन लावून पनवेलला हलवलं. तिथल्या डॉक्टरांना आधीच फोन गेल्यामुळे त्याला वेगळं ठेवायची तयारी होती आणि औषध लगेच सुरू झालं. तपासणीत पक्ष्यांना बर्ड फ्लू निघाला. मग किसनलाही.

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली आणि शेड रिकामी झाली. मला घराबाहेर पडायला बंदी. भाऊ तिकडे, मी इकडे ओटीवर, आणि समोर न भाजलेला राब. एका सकाळी बघतो तर हे फोटोवाले आमच्या बांधावर! तोंडाला मास्क, हातात हिरवा डहाळा.

"तू तिथंच बस. राब मी भाजतो."

आधी त्यांनी चहूबाजूंनी पाला ओढून कड मोकळी केली. मग वारा जिकडे चालला होता त्या टोकाला काडी लावली, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकते. मी ओटीवरून ओरडलो, "एवढा तगडा गडी! त्याची ताकद कुठं गेली? तिथं ताकदीचं इंजेक्शन देत नायत का?"

"ताकद गेली नाय. तीच मोकाट सुटलीय." कडेला आलेली ठिणगी त्यांनी डहाळ्याने झोडपली. "छातीत विषाणू शिरला, त्याला तण समज. तण जाळायला अंगातल्या पेशी आग लावतात. लावायलाच पायजे. पण ह्याची आग कडेला थांबली नाय. एका पेशीनं दहांना हाक मारली, दहांनी शंभरांना. फुप्फुसात हवेचे बारीक फुगे असतात, त्यांच्या भिंती होरपळल्या, आत पाणी झिरपलं. फोटोत पांढरं दिसलं ते ह्येच."

"मग विझवा म्हणावं की!"

"पुरती विझवली तर तण राहतंय. म्हणून तणाला औषध, दमाला ऑक्सिजन, पालथं झोपवायचं, आणि डॉक्टर लोक असे कडेला उभे." ते खरोखरच डहाळा घेऊन कडेला उभे राहिले.

"तुमाला हे सगळं ठाव होतं?"

"छे! काल डॉक्टरला तीनदा विचारलं. मी फोटोवाला."

मी ओटीवर बसून रडलो. त्यांनी पाहिलं असेल, पण राख थंड होईपर्यंत ते कड सोडून हलले नाहीत. मी लपवलं त्याबद्दल त्यांनी मला पुढे कधी एका शब्दाने टोचलं नाही.

किसन पुष्कळ दिवसांनी परतला. हाडांचा नुसता सापळा, पण चालत परतला. भात पोटरीला आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा पुन्हा फोटो काढायला गेलो. मी बाकावर.

"श्वास घे. धर. ... सोड."

आत काहीच आवाज नाही. मी बाकावरून उठलो.

"सोड रं, मशीन थकलं!"

आणि मग दोघांचं हसणं. किसनच्या हसण्यात थोडा खोकला होता. फोटो खिडकीकडे धरून ते बराच वेळ बघत राहिले. एप्रनला डोळे पुसले. "झालं," ते म्हणाले, "जा घरी." त्यांनी भाजलेल्या राबाचं पहिलं भात आम्ही त्यांच्याच दारात नेऊन ठेवलं.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या खोलीत आता नवं मशीन आहे आणि एक चुणचुणीत मुलगी. परवा माझाच खोकला हटेना म्हणून गेलो. "श्वास घ्या, धरा, सोडा," तिने छान सांगितलं. मी सोडला, पण तसाच उभा राहिलो.

"झालं काका," ती म्हणाली. "अजून काही हवंय का?"

मी सावकाश सदऱ्याची बटणं लावू लागलो.

तेवढ्यात दार ढकलून किसन आत डोकावला.

"झालं ना दादा? चल घरी."