डीपीचं निम्मं

आमच्या गावात पावलं टाकून, कदमानं रान मोजावं तर मीच. दोन भावांची वाटणी मीच मोजून दिलती. दोघंबी अजून कोर्टात हायेत.

शाळंत गेलो नाय, पण तोंड लई चालतं. म्हणून संभाजीनगरला विजेची मीटिंग होती तवा पिशोरकडच्या आमच्या गावानं मलाच पुढं केलं. मी उठलो अन् सायबांवर सुटलो. "ऊन आमचं, गायरान आमचं, त्याच्यावर सोलरच्या प्लेटा तुमच्या! अन् नव्या तारा, नवे खांब, सगळा सरकारी पैसा तिकडं पुण्याकडं? मराठवाड्यानं काय लोंबत्या तारांवर धोतरं वाळवायची? हा कुठला इन्साफ?" टाळ्या पडल्या. मी इतका फुगलो की बसताना खुर्ची चुकली.

आता माझ्या बोलण्यानं का आणखी कशानं, पण आमच्या शिवाराला नवी डीपी, म्हंजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, मंजूर झाली. एकच. दिवसा सोलरच्या विजेवर मोटारी चालणार. एका अंगाला गावच्या विहिरी, दुसऱ्या अंगाला मेंढरंवाल्यांची वस्ती. तिथल्या एका मावशीनं यंदा पहिल्यांदा बोअर घेतलं होतं, अर्धा एकर मिरची लावली होती.

तरणा इंजिनिअर आला, त्या मीटिंगला सायबांच्या मागं बसलेला. म्हणला, "डीपी बरोबर मध्ये बसवू. लांब गेलं की व्होल्टेज पडतं, मोटार चालत नाही." पण टेप हापिसातच राहिला होता. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

गावची शेवटची विहीर, म्हंजे माझीच, तिथून मावशीच्या बोअरपर्यंत कदम मोजायचे अन् निम्म्यावर खुंटी ठोकायची. हिशोबात मी कच्चा, पण बेइमानीत नाय. विहिरीपासून निघालो ते नव्या नवरीसारखं, इवलं इवलं पाऊल टाकत. माझा बांध ओलांडला अन् अशा ढांगा टाकल्या की विजारीची शिवण उसवली. बोअरपासून माघारी निम्मे कदम मोजले, तेबी ढांगांनीच. खुंटी बसली माझ्या विहिरीच्या उशाला.

मावशी बांधावर मेंढरं घेऊन उभी होती. खुंटीपासून माझ्या विहिरीपर्यंत चालली, मग खुंटीपासून आपल्या बोअरपर्यंत. सारख्या पावलानं. परत येऊन इंजिनिअरला म्हणली, "इकडं साठ. तिकडं तीनशे. माझी मिरची वाळंल, सायेब."

इंजिनिअर माझ्याकडं बघून हसला. "काय मामा, मीटिंगमध्ये तर लई इन्साफ मागत होते!"

"पाय धरलाय वो सकाळपासून," मी मांडी चोळत म्हणलो. "लंगडत होतो, म्हणून कदम बारीक पडले."

मावशीनं खुंटी उपटली, इंजिनिअरच्या हातात दिली अन् त्याला घेऊन निम्म्याकडं निघाली. माझ्या शेजारून जाताना म्हणली, "दादा, लंगडी मेंढी सगळी वाट लंगडती. तुमी नेमके तुमच्याच रानात लंगडले."